पत्र्याचा मांडव

टँकरची टाकी करताना तिच्या दोन्ही तोंडांना गोल झाकणं लागतात. चौकोनी पत्र्यावर खडूने वर्तुळ काढायचं, गॅस कटरने ते कापून घ्यायचं, मग उरतात ते चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्याच्या दोन बाजू सरळ आणि तिसरी आत वळलेली. त्या दुष्काळात माझ्या बायकोच्या मामांच्या नांदेडच्या वर्कशॉपमध्ये असे कोपरे ढिगाने पडलेले असत. एरवी तिथे खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, बैलगाडीचे आस व्हायचे. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले आणि लोहा म्हणा, भोकर म्हणा, सगळीकडून टाक्यांचंच काम येऊ लागलं. मामा ते कोपरे भंगारात टाकत. बायको ते परत उचलून आणत असे.

ती औरंगाबादला चित्रकला शिकून आली होती, पण कागदावर तिचं मन फार दिवस रमलं नाही. चार कोपरे काटकोनाकडून मध्ये जुळवले की एक चांदणी होते, हे तिने मला जमिनीवर मांडून दाखवलं. मग चांदणीच्या टोकाला दुसऱ्या चांदणीचं टोक जोडायचं. चार चांदण्या अशा जोडल्या की त्यांच्यामध्ये टाकीसाठी कापून नेलेलं वर्तुळ पुन्हा दिसायला लागतं, फक्त आता ते पोकळ असतं. अशा लांबट जाळ्या ती करत होती. त्या ती उन्हात उभ्या करायची आणि मागच्या भिंतीवर काय पडतं ते बघत बसायची. तिच्या लेखी शिल्प म्हणजे पत्रा नव्हता. भिंतीवर पडायचं ते शिल्प होतं. हे समजायला मला बराच वेळ लागला. समजल्यानंतरही ते माझ्या कामाच्या वेळी डोक्यात राहायचं नाही, हे मी कबूल करतो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली तिकडे झाली. मी कारकून माणूस, आदेश आला की निघायचं. ती माझ्याबरोबर आली, पण वर्कशॉप नांदेडला राहिलं. लातुरात आम्हाला एक खोली आणि पुढे ओसरी मिळाली. तिथे वेल्डिंग करायचं म्हटलं तर घरमालकीण म्हणाली, "बाई, तुमच्या ठिणग्यांनी माझं वाळवण जळंल." महिन्यातून एकदोनदा ती नांदेडला जाऊन मामांकडे काम करून यायची. आल्यावर हातावरचे भाजल्याचे डाग पदराखाली झाकायची. ते बघून मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी माफी मागायचो. जेवताना, झोपताना, बसथांब्यावर, कुठेही. मला वाटे, माफी मागणं म्हणजे काहीतरी करणंच.

एक दिवस तिने शांतपणे सांगितलं, "एक प्रदर्शन इथं करून बघते. लोकांना दिसलं, जमलं, तर इथंच कुणाचं तरी शेड शोधू. न्हाई जमलं तर मी मामांकडे जाऊन राहीन. तुम्ही रविवारी येत जा."

तिने हे रागाने सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते प्रदर्शन तिच्यापेक्षा माझंच जास्त झालं. ते जमलं तर बायको घरी राहणार होती.

आमची कचेरी तेव्हा निजामाच्या काळातल्या एका जुन्या इमारतीत होती. नव्या जिल्ह्याला नवी इमारत व्हायची होती. कचेरीच्या पुढे मोठं अंगण होतं आणि अंगणाच्या उत्तरेला चुना दिलेली लांबलचक पांढरी भिंत. आमच्या साहेबांना चित्रांची आवड होती. मी भीत भीत विषय काढला तर ते म्हणाले, "घ्या की अंगण. नव्या जिल्ह्यात सरकारी तारा आणि टिपणांशिवाय काहीतरी होऊ द्या." पौषातली तारीख ठरली. बायको एक जाळी घेऊन आली, भिंतीपुढे उभी केली, आणि दिवसभर दर थोड्या वेळाने कोळशाने भिंतीवर सावलीची कड काढत राहिली. पौषातलं ऊन तिरपं, दक्षिणेकडून येणारं. भिंतीवर चांदण्या लांब होत जायच्या, वर्तुळं कलंडायची, संध्याकाळी सगळी जाळी वाहत गेल्यासारखी दिसायची. शिपायांनीसुद्धा बिड्या विझवून ते बघितलं होतं.

मग साहेबांना दुष्काळी कामांच्या दौऱ्यावर जावं लागलं. आज जळकोट, उद्या आणखी कुठे. त्यांनी मला बोलावलं. "आत्ता नको. वैशाखात ठेवू. मंत्रीही यायचेत तेव्हा, त्यांच्या हस्ते उद्घाटन करू. चालेल ना?"

"चालेल साहेब," मी म्हणालो.

घरी येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"वैशाखात सूर्य कुठं असतो?"

"कुठं म्हणजे? असतो की डोक्यावर."

"तेच म्हणून राहिले मी," ती म्हणाली. "तुमची बदली झाली की कागद येतो. सूर्य आपला बिनकागदाचा सरकत राहतो."

मी लगेच म्हणालो, मी साहेबांना सांगतो, पुढच्या पौषात घेऊ. पण पुढच्या पौषात ते अंगण असणार नव्हतं. तिथेच नवीन इमारतीचा पाया खोदायचा होता. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "जाऊ द्या. सावल्या आखूड पडतील. जाळ्या भिंतीच्या जवळ लावते."

यात आम्ही दोघंही चुकलो होतो, पण तिची चूक अभ्यास करणाऱ्याची होती आणि माझी होयबाची.

वैशाखात मामांचा ट्रक जाळ्या घेऊन आला. मामा स्वतः बरोबर होते. "जयभीम जावईबापू," म्हणून त्यांनी ट्रकवरूनच दोर खाली फेकले. "टाकीवाल्या लोकांना थांबवून आलोय. लवकर उतरवा." संध्याकाळी ते परत गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताना बायको आणि मी अंगणात येऊन बसलो, भिंतीवर ऊन कधी येतं ते बघायला.

ऊन आलंच नाही.

सूर्य इमारतीच्या टोकाशी, ईशान्येकडून वर आला. अंगणात ऊन पसरलं, आमच्या पायांवर आलं, पण भिंत तशीच निळसर. तो वर वर चढत गेला आणि भिंत आपल्याच सावलीत उभी राहिली. दुपारी तो थेट डोक्यावर आला. तेव्हा माझी सावली माझ्याच चपलांखाली गेली होती. अंगणातल्या खांबाला सावली नव्हती, सायकलला नव्हती. उभ्या केलेल्या जाळ्यांखाली जमिनीवर काळ्या रेघा पडल्या होत्या, बाकी काही नाही. मग तो पश्चिमेकडे, पुन्हा भिंतीच्या मागच्या अंगाला कलू लागला. कोळशाने काढलेल्या पौषातल्या सावल्या भिंतीवर तशाच होत्या आणि त्यांना भेटायला दिवसभरात काहीच आलं नाही.

मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे. मी तेव्हाच साहेबांना..."

"तुमचं वाईट वाटून झालं असेल तर ते टोक धरा," ती म्हणाली. ती भिंतीकडे बघत नव्हती. अंगणाच्या कडेला एक जाळी अजून उभी करायची राहिली होती. उतरवताना ती दोन पिंपांवर आडवी ठेवली होती. तिच्या खाली, जमिनीवर, तिची सावली जशीच्या तशी पडली होती. चांदण्या चांदण्यांसारख्या, वर्तुळं वर्तुळांसारखी, काहीही लांबलेलं नाही की कललेलं नाही. आणि एका चांदणीत कुणाची तरी शेळी अंग चोरून बसली होती.

"आडव्या करायच्या," ती म्हणाली. "वर न्यायच्या सगळ्या."

त्या साली लग्नं फार कमी झाली. पाहुण्यांना पाणी कुठून पाजायचं, म्हणून लोकांनी मुहूर्त पुढे ढकलले होते. त्यामुळे मांडववाल्याच्या बल्ल्या नुसत्या पडून होत्या. मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "न्या साहेब. निदान बल्ल्यांचं तरी लगीन लागू द्या." दोन दिवस आम्ही बल्ल्या रोवल्या, तारेने बांधल्या. शिपाई मदतीला आले. जाळ्या वर चढवल्या आणि एकमेकींना जोडून अंगणभर पसरल्या. बायको खांबावर चढून तार पिळत होती आणि मी खाली उभा राहून शिडी धरत होतो. त्या दोन दिवसांत मी फारसं बोललो नाही. हात गुंतलेले होते.

कचेरीत कामासाठी खेड्यातून माणसं येतच होती. कुणी टँकरसाठी अर्ज घेऊन, कुणी रोजगार हमीच्या कामाचं विचारायला, कुणी नुसतंच नवा जिल्हा आपला कुठला ते कळायला. सावलीला झाड नव्हतं. कडुलिंब होता तो बांधकामासाठी आधीच तोडला होता. आम्ही शेवटची तार बांधत असतानाच माणसं खाली येऊन बसायला लागली.

"हे काय हाय वं?" एक पटकेवाला म्हणाला.

"मांडव हाय, दिसत न्हाई का?" दुसरा.

"कुणाचं लगीन?"

"सरकारचं."

"नवरी?"

"लातूर की. उस्मानाबादचं घर सोडून आली न्हवं का औंदा."

"मंग माहेरचे कुठं हायेत?"

"येतेत की. हिशेब घेऊन येतेत."

सगळे हसले. जळकोटकडून आलेल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्या जागा बदलून बदलून बसत होत्या आणि प्रत्येक ठिकाणाहून पुन्हा उठत होत्या. शेवटी त्यांनी वर बघितलं आणि खांबावरच्या बायकोला म्हणाल्या, "ए बाई, ही कसली चाळण टाकली गं? हिच्यात तर ऊनच जास्ती हाय. भोकंच भोकं."

"तशीच आहे ती आजी," मी म्हणालो. "ते कलेचं आहे."

"कलेचं आसंल. डोस्कं माझं तापून राहिलंय."

मला लाज वाटली. त्या आजींसाठी हे केलेलं नव्हतं, आणि तरी त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं तिला लागलं असेल. ती खांबाला एक हात धरून खाली बघत होती. आजींच्या डोक्यावर ऊन होतं आणि आजूबाजूला चार चांदण्या. तिने ते डोळ्यांनी मोजून घेतलं. मग खाली उतरली आणि म्हणाली, "निम्मं सोडायचं."

"म्हणजे?"

"निम्म्या जाळ्या काढायच्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या हातभर वर बांधायच्या. पण अशा, की खालचं वर्तुळ जिथं आहे तिथं वरची चांदणी यायला पाहिजे."

मी म्हणालो, "पण निम्मं प्रदर्शन जाईल. मंत्री यायचेत. अंगण अर्धं रिकामं दिसेल."

"दिसू दे."

ते करायला आम्हाला पूर्ण दुपार लागली. वरची जाळी थोडी डावीकडे, थोडी पुढे. ती खाली जमिनीवर बसून बघायची आणि आम्ही वर सरकवायचो. "अजून. अजून थोडी. थांबा." ती थांबा म्हणाली तेव्हा आम्हाला वरून काहीच दिसत नव्हतं. खाली बसलेली माणसं मात्र आपापल्या अंगाकडे बघू लागली. मी उतरून आलो.

चांदणी वर्तुळाच्या मध्यावर आली की वर्तुळात चार फटी राहतात, दोन्हीकडे टोकदार, मध्ये फुगलेल्या. उजेड त्यांच्यातून खाली येत होता आणि सगळीकडे पानं पडली होती. उन्हाची पानं. पटक्यांवर, धोतरांवर, आजींच्या पांढऱ्या पातळावर, शेळीच्या पाठीवर. वर लोखंड होतं, आणि खाली मांडवाच्या डहाळ्या हलाव्यात तसं काहीतरी होतं, फक्त हलत नव्हतं. कुणी हात पुढे करून तळव्यावर एक पान घेतलं. त्याच्या शेजारच्याने तळवा शेजारी धरला.

"आता कसं वाटतंय आजी?" बायकोने विचारलं.

"आता हाय थोडी सावली," आजी म्हणाल्या. "पण गरम वारं येतंच की."

"ते मला जमणार न्हाई आजी."

"न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे."

प्रदर्शनाच्या दिवशी मंत्री आले नाहीत. ते कुठल्या तरी तलावाकडे गेले. साहेब उन्हाच्या भरात, बरोबर डोक्यावर सूर्य असताना आले. मांडवाखाली माणसं भरलेली होती. साहेबांबरोबर एक फोटोवाला होता. तो म्हणाला, "साहेब, या लोकांना जरा उठवा. शिल्प मोकळं दिसायला पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे बघितलं गेलं की मी हो म्हणतो, ही माझी सवय. मी तोंड उघडलंसुद्धा. पण बायको मध्येच म्हणाली, "साहेब, ते उठले तर खाली धूळच राहील. धुळीवर काही दिसत न्हाई. त्यांच्या कपड्यांवर दिसतं."

साहेब मांडवाबाहेर भर उन्हात उभे होते. ते आत आले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत एक पान आडवं पडलं. त्यांनी खाली मान घालून ते बघितलं. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.  मग साहेब कडेला सरकून एका पटकेवाल्याच्या शेजारी उभे राहिले आणि त्याला विचारलं, "कुठून आलात?" त्याने टँकरचं सांगायला सुरुवात केली. ते ऐकत राहिले.

अंगण आमच्याकडे होतं तितके दिवस रोज असंच चाललं. दुपार टळली की सावली पूर्वेकडे सरकायची, आणि सगळी माणसं बसल्या बसल्या तिच्याबरोबर सरकायची. वरच्या आणि खालच्या जाळीत हातभर अंतर होतं, म्हणून सूर्य कलला की पानं बारीक व्हायची, मग मिटायची, मग दुसऱ्याच आकाराची उघडायची. बायको एका कोपऱ्यात बसून हे कागदावर उतरवून घेत होती. तिला असं बसलेलं मी नांदेड सोडल्यापासून बघितलं नव्हतं. मला मनातून खात्री झाली होती की आता ती इथेच राहील. प्रदर्शन जमलं होतं. ठरल्याप्रमाणे आता शेड शोधायचं. मी गुपचूप दोन ठिकाणी चौकशीही करून ठेवली.

शेवटच्या दिवशी मामा ट्रक घेऊन आले. त्यांनी मांडवाखाली एक चक्कर मारली, वर बघितलं आणि म्हणाले, "माझ्या भंगाराचं बरं केलंस की." मग ती आणि ते दोघं बोलू लागले आणि त्यांचं बोलणं संपेना. मधलं अंतर वाढवलं तर काय होईल. तीन थर टाकले तर. वारा खेळायला उंची किती लागेल. कोपरे किती लागतील, आणि एवढ्या मोठ्या जाळ्या उभ्या करून जोडायला केवढी जागा लागेल. तेवढी जागा मामांकडेच होती. गॅस कटर, क्रेनची साखळी, दोन वेल्डर, सगळं तिथेच होतं. मी कडेला उभा राहून ऐकत होतो, आणि मला हळूहळू कळत गेलं की प्रदर्शन जमलं म्हणूनच ती जाणार आहे.

जाळ्या उतरवायला सुरुवात झाली. जळकोटच्या आजी अजून तिथेच होत्या. त्यांचं काम काय होतं आणि ते झालं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विचारलं, "उद्या मांडव न्हाई का?"

"न्हाई आजी," बायको म्हणाली.

"मंग आमी कुठं बसावं?"

त्यांनी हे भांडून विचारलं नाही की गयावया करूनही नाही. नुसतं विचारलं. बायकोने मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "भंगारच हाय. ऱ्हाऊ दे की एक." मग दरवाजाजवळच्या दोन जाळ्या, एकीवर एक, तशाच ठेवायच्या ठरल्या, पाया खोदेपर्यंत.

आणि मी तिथे तार सोडवत उभा असताना माझ्या लक्षात आलं की मी कधी काही विचारलंच नव्हतं. इतके महिने मी माफी मागत आलो होतो. बदलीची, खोलीची, तारखेची, भिंतीची. पण तू राहशील का, असं एकदाही विचारलं नव्हतं. माफी मागितली की समोरच्याला उत्तर देता येत नाही. विचारलं की देता येतं, आणि मला त्या उत्तराची भीती होती.

ट्रक भरून झाला. मामा चालकाशेजारी चढले. ती चढायला लागली तेव्हा मी म्हणालो, "तू इथं राहावंस असं मला वाटतं. राहतेस का?"

ती फुटबोर्डवर थांबली. माझ्याकडे नीट बघितलं.

"हे आज विचारून राहिलात?"

"हो."

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता न्हाई. मोठे मांडव करायचेत मला. इथं होणार न्हाईत."

"बरं."

"शनिवारी या. रविवारी न्हाई, शनिवारीच या, म्हणजे दोन रात्री मिळतील." आणि मग आत बसता बसता, "बरं केलंत विचारलं."

ट्रक अहमदपूरच्या रस्त्याला लागला. मी घरी येऊन एकट्याने भाकरी केली. ती जाड झाली. मला वाईट वाटत होतं, पण ते वेगळ्या प्रकारचं होतं. त्यात कुणाची माफी मागण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी त्या उरलेल्या जाळ्यांखाली गेलो. जागा थोडी होती आणि माणसं दाटीने बसली होती. आजींनी मला बघितलं आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं.

"सरक गं जरा. बाबूला बसू दे."

मी बसलो. शनिवारला अजून चार दिवस होते.